कानउघाडणी

मराठी भाषेने मनुष्याच्या कानाचे जितके हाल केले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही अवयवाचे केले नसतील. तिने तो उपटला, पिळला, टोचला, फुंकला, चावला. त्याच्याखाली वाजवली आणि नको असलेल्या सर्व गोष्टी त्याच्यामागे टाकल्या. विवाहासारख्या मंगल प्रसंगीसुद्धा नवरदेवाचा कान त्याच्या मेहुण्याने पिळल्याखेरीज कार्य सिद्धीस जात नाही. इतके सोसूनही हा अवयव तक्रार करीत नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, मुखाला ओठ आहेत. कानाला मात्र ना दार, ना कडी. निजलेल्या मनुष्याचेही कान उघडेच असतात. हे सदावर्त अठ्ठावन्न वर्षे अखंड चालू राहिल्यामुळे ते कधी बंद पडेल ही कल्पनाही आम्हांस शिवली नव्हती. आणि म्हणूनच गेल्या दिवाळीत आमच्या डाव्या कानाला दडा बसला तेव्हा प्रथम आम्हांस वाटले ते हे की, आमचा कान ठीक असून जगच थोडे हलक्या आवाजात बोलू लागले आहे.

आम्ही दीपनगरास राहतो. भुसावळच्या पूर्वेस वीजनिर्मिती केंद्राच्या आश्रयाने वसलेली ही वसाहत. घर सौभाग्यवतींच्या नोकरीमुळे मिळालेले, म्हणून दारावरची पाटी त्यांच्या नावाची. आम्ही रोज भुसावळास महाविद्यालयात इंग्रजी शिकवावयास जातो आणि सायंकाळी त्यांच्या घरी परत येतो. घरातील तिसरे मनुष्य म्हणजे आमचे वडील बंधू अण्णा. आमच्याहून चौदा वर्षांनी मोठे. वहिनी निवर्तल्यापासून आमच्याकडेच असतात. दीपनगरात नीरव शांतता अशी कधी नसते. केंद्राची संथ घरघर, कोळशाच्या मालगाड्यांची ये-जा आणि महामार्गावरच्या मालमोटारी यांचे मिळून एक अस्तर येथील हवेला कायमचे लावलेले आहे. पाहुणा पहिल्या रात्री विचारतो, "हा आवाज कसला?" आणि आम्ही उलट विचारतो, "कोणता?" नरकचतुर्दशीच्या पहाटे हे अस्तर डाव्या बाजूने उसवले.

त्याचे कारण पवित्रच होते. अभ्यंगाच्या वेळी कानांत कोमट तेलाचे दोन थेंब सोडण्याची आमच्या मातोश्रींची चाल सौभाग्यवतींनी श्रद्धेने चालू ठेविली आहे. तेल गेले, मागोमाग कढत पाणी गेले, आणि कित्येक वर्षे कानाच्या बोळात पथारी पसरून राहिलेला मळ फुगून वाटेत आडवा झाला. हा बोळ अवघा इंचभर लांबीचा. त्याच्या टोकाशी पडदा, मिलीमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतक्या जाडीचा. वास्तविक या बोळाची झाडलोट निसर्गाने स्वतःकडेच ठेवली आहे. आतली त्वचा नखाच्या वाढीसारख्या संथ गतीने पडद्याकडून बाहेर सरकत येते आणि मळही आपल्याबरोबर दारापर्यंत आणून सोडते. या व्यवस्थेत बिघाड होतो तो बहुधा मालकाने झाडू हाती घेतल्यामुळे. आम्ही तो गेली तीस वर्षे स्नानानंतर कापसाच्या काडीच्या रूपाने रोज हाती घेत होतो, आणि मळ बाहेर काढीत आहो या समजुतीने तो आत ठासत होतो.

दडा बसलेल्या कानाची मौज अशी की, बाहेरचे ऐकू येईनासे होते आणि आतले ऐकू येऊ लागते. चकलीचा तुकडा तोंडात टाकावा तो डोक्यात खडी फोडण्याचे यंत्र सुरू व्हावे. पाण्याचा घोट घ्यावा तो विहिरीत पोहरा आपटल्याचा भास व्हावा. सुट्टीत पुढल्या सत्राची व्याख्याने घरी मोठ्याने म्हणून पाहण्याची आमची सवय आहे. या खेपेस आमचाच आवाज आमच्याच कवटीत रांजणात बोलल्यासारखा घुमू लागला. आमचे एक व्याख्यान अथपासून इतिपर्यंत ऐकण्याचा प्रसंग आमच्यावर आयुष्यात प्रथमच आला, आणि मुले मागच्या बाकांसाठी का धडपडतात याचा उलगडा झाला.

भाऊबीजेच्या दिवशी मात्र या मौजेला एक धार आली. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानी किंचित उशिरा पोहोचतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा तो विलंब, पण मेंदू त्यावरूनच दिशा ठरवितो. एक कान मिटला की साऱ्या जगाचे आवाज एकाच बाजूने येऊ लागतात. महामार्ग ओलांडताना मालमोटारीचा भोंगा ऐकून आम्ही सावधपणे उजवीकडे पाहिले आणि पाऊल टाकले. गाडी डावीकडून आली. अण्णांनी दंड धरून आम्हांस मागे ओढले नसते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. अण्णा कित्येक वर्षांपासून रस्ता डोळ्यांनी ओलांडतात, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. त्याचा अर्थ ध्यानात आला नाही.

दुखणे प्रकट झाले की वैद्य वाढतात. शेजारच्या काकूंनी लसूण कढवलेले तेल आणून दिले. एका सहकाऱ्यांनी नाक दाबून तोंड मिटून जोराने फुंकर घालावयास सांगितले; तसे केल्यावर उजव्या कानात फट् असा आवाज झाला आणि डावा होता तसाच राहिला. समोरच्या बिऱ्हाडातील निवृत्त गृहस्थांनी मान वाकडी करून एका पायावर उड्या मारण्याचा उपाय सुचविला, आणि तो आम्ही गच्चीवर, अंधार पडल्यानंतर, करूनही पाहिला. लहानपणी भुसावळ स्थानकाच्या आसपास डोक्याच्या फडक्यात सळ्या खोचून हिंडणारे कान साफ करणारे लोक आम्हांस आठवले. त्यांच्या हातचलाखीने गिऱ्हाइकाच्या कानातून कधी कधी कानाच्या छिद्रापेक्षा मोठा खडा निघत असे. आता ते दिसत नाहीत, हे आमचे सुदैव. नाही तर आम्ही त्यांच्याही पुढे मान कलती केली असती.

शेवटी विद्येचा अभिमान आडवा आला. सुश्रुताने उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत. त्यांत कर्णगूथ या नावाने आमचा रोग आढळताच आम्हांस आपल्या दुखण्याविषयी एक प्रकारचा आदर वाटू लागला. तेलाने मळ भिजवावा, शेक देऊन तो विरघळवावा आणि मग शलाकेने काढावा, असा उपचार तेथे सांगितला आहे. तेल झाले होते, शेकही झाला होता. राहिली होती शलाका. मातोश्रींच्या चांदीच्या जुडग्यातील कानकोरणे कोठे गेले ते सापडेना, म्हणून सौभाग्यवतींच्या केसांतील एक आकडा आम्ही पुरेसा शास्त्रीय मानला. शलाका वैद्याने चालवावी असे त्याच ठिकाणी स्पष्ट म्हटले आहे. पण विद्वान मनुष्य ग्रंथातील आपल्या सोयीचे तेवढेच वाचतो. आकडा आत गेला, काहीतरी बोचले, डोळ्यांत पाणी आले, आणि मळाचा एक कणही बाहेर आला नाही.

दुसऱ्याच दिवशी एका स्नेह्यांच्या मळ्यात मोसमाचे पहिले भरीत होते. खानदेशात थंडीची चाहूल पंचांगावरून लागत नाही, ती भाजलेल्या वांग्यांच्या धुरावरून लागते. हिरवी, भरदार वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजावयाची, सोलून लाकडी भांड्यात ठेचावयाची, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात यांच्यासह तेलात परतावयाची, आणि कळण्याच्या पुरीबरोबर झाडाखाली पंगत मांडून खावयाची. पुरीचा पहिला घास चावताच जबड्यापासून कानापर्यंत अशी कळ गेली की आम्ही हात आखडला. आमच्या उजवीकडे अण्णा बसले होते. डावीकडे, म्हणजे दडा बसलेल्या बाजूस, मंडळींतले एक विनोदी वकील. ते काही सांगत होते. ओठ हलत होते, भुवया चढत होत्या, हातवारे होत होते; आमच्यापर्यंत येत होती ती केवळ एक गुणगुण. दोनदा आम्ही "काय म्हणालात?" असे विचारले. तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटली. मग आम्ही हसतमुखाने मान डोलावू लागलो. ही युक्ती इतकी उत्तम चालली की, जेवण संपेपर्यंत आम्ही एका कविसंमेलनाचे अध्यक्षपद आणि एका वाचनालयासाठी दहा पुस्तकांची देणगी मान्य करून चुकलो होतो, हे आम्हांस पुढे पत्रांवरून कळले.

इतक्यात पंगतीत मोठा हशा उसळला. वकिलांचा विनोद कळसास पोहोचला असावा. आम्हीही हसलो, किंचित उशिरा, इतरांचे चेहरे पाहून. हसता हसता उजवीकडे वळलो तो अण्णाही हसत होते. किंचित उशिरा, आमचा चेहरा पाहून. तेच मिटलेले ओठ, तीच डोलणारी मान, तीच वर केलेली भुवई. हे हास्य आम्ही गेली वीस वर्षे रोज पाहत आलो होतो. त्याला आम्ही घरात अण्णांची समाधी म्हणत असू. "अण्णांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते," हे वाक्य आमच्या घरात इतके रूढ झाले होते की त्याचा कर्ता कोण हेही कोणास आठवत नाही. तो बहुधा आम्हीच असू.

परत येताना अण्णांनी विचारले, "सगळे कशाला हसले रे?"

"काही नाही," आम्ही म्हणालो.

त्या रात्री कानाने आपल्यावरील सर्व अत्याचारांचा सूड एकदम उगवला. दाढदुखी आणि कानदुखी या सख्ख्या बहिणी. पण थोरलीला लवंगेने तरी समजाविता येते. कानाच्या छिद्रापुढच्या लहानशा कूर्चेस उशीचा स्पर्श झाला तरी ब्रह्मांड आठवे. नाडीचा प्रत्येक ठोका कानात घणासारखा पडत होता. पहाटे तीन वाजता डोळे उघडले तो समोर अण्णा खुर्चीवर बसलेले. आमचे कण्हणे त्यांना ऐकू आले असणे शक्य नव्हते. फटीतून दिव्याचा उजेड दिसला म्हणून ते उठून आले होते.

भुसावळातील कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आमच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. बारावीला आम्ही त्यांना इंग्रजी शिकविले होते. एके काळी ज्यांच्या निबंधांवर आपण तांबड्या शाईने लिहिले त्यांच्यापुढे कान धरून बसणे हा काव्यगत न्यायच म्हणावयाचा. त्यांनी दिवा लावलेली नळी कानात धरली, आणि त्यासरशी आम्हांस ठसका लागला. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे आणि जठर यांच्यापर्यंत प्रवास करणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीकशी फांदी कानाच्या बोळातही येते. तिला धक्का लागला की काही माणसे घसा साफ असूनही खोकतात.

"सर, कानात काय घातलं होतं?"

"काही नाही."

"सर."

"केसांचा आकडा," आम्ही म्हणालो.

त्यांनी पुढे काही म्हटले नाही. फक्त आमच्याकडे पाहिले. आम्ही हेच पाहणे तीस वर्षे परीक्षागृहात वापरले आहे. बोळाची त्वचा ओरबाडून सुजली होती व पू धरला होता, म्हणून त्या दिवशी मळास हात लावता येईना. औषधात भिजवलेली कापडाची बारीक वात त्यांनी आत सरकविली, थेंब दिले, कान कोरडा ठेवण्यास सांगितले आणि सहा दिवसांनी बोलाविले. दुसऱ्या रात्रीपासून ठणका ओसरला. दडा मात्र कायम होता.

सहाव्या दिवशी सूज उतरली होती. प्रथम त्यांनी पोलादी स्वरचिमटा हातावर आपटून त्याचा दांडा आमच्या कपाळाच्या मध्यावर टेकविला आणि नाद कोणत्या बाजूस ऐकू येतो ते विचारले. आश्चर्य असे की, तो डाव्या, म्हणजे मिटलेल्याच कानात मोठा वाजत होता! जर्मनीतील वेबर याच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा आहे. नाद कवटीच्या हाडातून सरळ आत जातो, आणि बाहेरचा कोलाहल बंद झालेल्या कानास तो अधिक स्पष्ट कळतो. दोष मज्जातंतूत असता तर नाद चांगल्या कानाकडे गेला असता. "आतला कान शाबूत आहे, सर. फक्त दार बंद आहे," बाई म्हणाल्या.

मग पिचकारी आली. पाणी रक्ताइतके उष्ण, सदतीस अंशांचे असावे लागते. ते थंड वा कढत असेल तर रोग्यास घेरी येते. यावरूनच व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी नामक डॉक्टरास एक मोठा शोध लागला. कान धुताना रोगी चक्कर आल्याची तक्रार करीत. एकाने सांगितले की पाणी पुरेसे कोमट नसले की असे होते. बारानीने मग अधिक उष्ण पाणी घालून पाहिले, तो बुबुळांची थरथर उलट दिशेने होऊ लागली. आपला तोल सांभाळणारे कानाच्या आतले यंत्र बाहेरून कसे तपासावे, हे त्यातून निष्पन्न झाले. या संशोधनाबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यास जाहीर झाले तेव्हा तो रशियाच्या युद्धकैदेत होता. रोग्याच्या कुरकुरीकडे लक्ष देणाऱ्याचा असा सन्मान झाल्याचे उदाहरण विरळा. आमच्या बाईंनी पाण्यात बोट घालून व तापमापक पाहून अशी दुहेरी खात्री केली असल्यामुळे आम्हांस फक्त एवढेच वाटले की डोक्यात पूर आला आहे. तिसऱ्या पिचकारीस काहीतरी सुटले. कानाखाली धरलेल्या वाटीत गूळ-चिंचेच्या गोळीएवढा एक काळसर ऐवज पडला.

आणि जग आत आले! पंख्याच्या पात्यांचा सपसप आवाज, नळाचा ठिबका, बाहेर रिक्षावाल्यांचा तंटा, परिचारिकेच्या लुगड्याची सळसळ, कागदावर चालणारी लेखणी. लेखणीला आवाज असतो हे आम्ही, जन्मभर लेखणीवर जगलेला मनुष्य, विसरून गेलो होतो. हे सर्व इतके तीक्ष्ण होते की क्षणभर कान पुन्हा झाकून घ्यावासा वाटला.

अण्णा दोन्ही खेपांस आमच्याबरोबर आले होते, कोपऱ्यातील बाकावर बसून हे सर्व पाहत होते. ते उठले, वाटीत डोकावले, आणि आमचा उजळलेला चेहरा पाहून बाईंना म्हणाले, "ताई, माझ्याही कानातला मळ काढून द्याल का? फार वर्षांचा आहे."

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसविले. उजवा कान पाहिला, डावा पाहिला. दिवा विझवून त्या किंचित थांबल्या.

"अण्णासाहेब, तुमचे कान अगदी स्वच्छ आहेत. सरांच्यापेक्षा स्वच्छ."

अण्णांनी ओठांवरून ते वाचले आणि नेहमीसारखी मान डोलावली.

"काम कुठे करत होता?"

याचे उत्तर आम्ही दिले, कारण ते आमचेच ऋणपत्र होते. वडील अकाली गेले तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो आणि अण्णा अठराचे. मॅट्रिकला चांगले गुण मिळविलेला हा मुलगा खानदेशातील एका कापडगिरणीच्या विणाई विभागात, म्हणजे कामगारांच्या भाषेत साळखात्यात, लागला आणि गिरणी बंद पडेपर्यंत तेथे राहिला. पुढे एका दुकानाच्या वह्या लिहून त्यांनी संसार केला. आमचे शुल्क, आमचे वसतिगृह, एम.ए.ची पुस्तके, सर्व त्या साच्यांवरून आले. १९७७ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एकदा त्यांचा डबा घेऊन आत गेलो होतो. दार उघडताच अंगावर भिंत कोसळावी तसा आवाज कोसळला. शेकडो धोटे एकाच वेळी आपटत होते. पायाखालची फरशी थरथरत होती. आम्ही रडकुंडीस येऊन कान झाकले. अण्णा मात्र चार ओळी पलीकडच्या सोबत्याशी तोंड मोठे मोठे उघडून, आवाज न काढता, खुशाल बोलत होते आणि तोही तसाच उत्तर देत होता. केवढा चमत्कार! माझ्या भावाला आवाजाशिवाय बोलता येते, असे आम्ही शाळेत सर्वांस सांगितले.

इंग्लंडात लँकशायरच्या विणकरांनी हीच बिनआवाजी भाषा रूढ केली होती, हे आम्ही पुढे वाचले. इटलीतील मोदेना येथील रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिसच्या तांबटांचे कान दिवसभराच्या ठोकाठोकीने कसे निकामी होतात, याचे वर्णन त्यात आहे. इतके सगळे वाचलेला मनुष्य आपल्या घरात, आपल्या शेजारच्या पाटावर, काय बसले आहे हे ओळखू शकला नाही.

काचेच्या बंद खोलीत बाईंनी अण्णांचे श्रवणमापन केले. हातात आलेल्या आलेखावरची रेघ खालच्या स्वरांत सरळ चालत होती आणि दर सेकंदास चार हजार कंपनांच्या आसपास दरीत उतरावी तशी खाली कोसळली होती. साधे संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असते, विणाई खात्यातील आवाज शंभराच्या घरात. हे चाळीसाचे अंतर आकड्यांत लहान दिसते; पण डेसिबलची मोजणी अशी आहे की चाळीस म्हणजे दहा हजार पट ऊर्जा. आतल्या कानात नाद टिपणाऱ्या केसाळ पेशी सुमारे पंधरा हजार असतात, आणि हा मारा वर्षानुवर्षे सोसून त्या मरतात. पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, असे १९८० नंतरच्या दशकात आढळून आले आहे. निसर्गाने हा अनुग्रह मनुष्य सोडून कोंबडीवर का केला असावा, हे त्यालाच ठाऊक.

"यांना आवाज ऐकू येतो, सर," बाई म्हणाल्या, "शब्द ऐकू येत नाहीत."

त्याचे स्पष्टीकरण त्यांनी आम्हांस, म्हणजे भाषेच्या प्राध्यापकास, एखाद्या विद्यार्थ्यास द्यावे तसे दिले. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि खालच्या पट्टीचे. ते अण्णांपर्यंत पोहोचतात. स, श, थ, फ, त, क ही व्यंजने बारीक, उंच पट्टीची. ती त्या दरीत पडतात. ताट, पाट, काठ, साथ, खाट या सर्व शब्दांतून त्यांच्या वाट्यास येतो एक आ. बाकीचे ते ओठांवरून, प्रसंगावरून आणि अदमासाने भरून काढतात. अर्ध्या अक्षरांचे पान आयुष्यभर वाचीत राहावे, तसे हे. आम्हांस लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवली. सौभाग्यवतींनी पाठमोऱ्या असताना पाट मागितला होता आणि अण्णांनी ताट आणून दिले होते. घरभर हसणे झाले होते. डाव्या कानाला दडा असूनही त्या हसण्यात आमचा आवाज सर्वांत मोठा होता. २०२० व २०२१ ही दोन वर्षेही आठवली. मुखपट्ट्यांमागे सर्वांचे ओठ गेले, आणि अण्णा दिवसचे दिवस खोलीतून बाहेर येईनासे झाले. आम्ही म्हणत असू, अण्णा साथीला फार भितात.

"किती वर्षं झाली यांना असं?"

"वीस तरी."

"आणि तुम्ही आज आणलंत. तेसुद्धा तुमचा कान दुखला म्हणून." मग त्या थांबल्या आणि खालच्या आवाजात, पण आमच्या नव्याने उघडलेल्या कानास प्रत्येक व्यंजन पोहोचेल अशा स्पष्टपणे म्हणाल्या, "सर, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येत नाही असं दिसलं की तुम्ही त्याला पुढे बसवायचात. मला बसवलं होतंत."

आम्ही मान खाली घातली. मराठी भाषेत कानउघाडणी या शब्दाचे दोन अर्थ एकाच प्रसंगी इतके तंतोतंत लागू पडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्याच होत्या. ओरडू नये, असे कान हळू आवाजाला बहिरे असले तरी मोठ्या आवाजाने दुखतात, आणि ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. समोर बसून, उजेडात, नेहमीपेक्षा थोडे सावकाश बोलावे. न समजल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत. श्रवणयंत्रे आठवडाभर वापरून पाहण्यास द्यावयाची व्यवस्था त्यांनी केली, आणि चष्मा लावताच दिसते तसे यंत्र लावताच ऐकू येत नाही, मेंदूला काही आठवडे शिकावे लागते, हेही बजावले. किमतीचा आकडा ऐकताच अण्णांनी हात झाडले. "बहात्तराव्या वर्षी कशाला? मला हवं तेवढं ऐकू येतं," ते म्हणाले. आमचे वाक्य आम्हांसच परत मिळाले. त्यावर काय बोलावे हे न सुचून आम्ही पैसे भरले.

पहिल्या दिवशी अण्णांना यंत्रांचा त्रासच झाला. वर्तमानपत्राचे पान उलटले तो त्यांनी दचकून मागे पाहिले. पंखा बिघडला आहे काय, असे त्यांनी दोनदा विचारले. भांडी घासण्याच्या वेळी त्यांनी यंत्रे काढून डबीत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत घातली नाहीत. रात्री, सौभाग्यवती निजावयास गेल्यावर, त्यांनी ती पुन्हा कानांत घातली व गच्चीवर आले. आम्ही दिव्याखाली, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसलो. केंद्राची घरघर चालू होती. दूर कोळशाची गाडी रुळ बदलीत होती.

"हा आवाज कसला?" अण्णांनी विचारले.

"कोणता?" आम्ही म्हणणार होतो, पण थांबलो, कान दिला, आणि सांगितले.

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग एकाएकी म्हणाले, "त्या दिवशी भरताच्या वेळी सगळे कशाला हसले होते, ते तू सांगितलं नाहीस."

"अण्णा, खरं सांगू?" आम्ही सावकाश म्हणालो, "मला ऐकूच आलं नाही. वकीलसाहेब माझ्या डाव्या बाजूला होते. सगळे हसले म्हणून मी हसलो."

अण्णांनी आमच्या ओठांकडे पाहिले, मग डोळ्यांकडे.

"मी तुझ्याकडे बघून हसलो होतो," ते म्हणाले.

आणि ते हसू लागले. इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावर कोणीतरी दिवा लावला.